पानावरचं मीठ

“मीठ?” ऋजुता म्हणाली. “मी सिनेमाचं विचारतेय, अक्का. तुम्ही मिठाचं काय काढलंत मधेच?”

वेणूअक्का विळीवर भोपळा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी एकदा चार महिने मीठ सोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “अख्खा चातुर्मास. धाकटी तीन वर्षांची झाली, तरी पाऊल टाकत नव्हती. दत्तमहाराजांना म्हटलं, हिला पायावर उभी करा, मी अळणी जेवीन.”

“मग?”

“कार्तिकात उभी राहिली. आता सांगलीला नर्स आहे. दिवसभर खाली म्हणून बसत नाही.”

चुलीपाशी आमटी ढवळणारी, अक्कांच्या हाताखालची इंदू खुदकन हसली. ऋजुताला काही हसू आलं नाही.

शिरगावच्या घाटावर दत्ताचा मठ आहे. दर गुरुवारी तिथे पंगती बसतात, आणि गेली चाळीस वर्षं स्वयंपाक वेणूअक्कांच्या हातचा. त्यांनी भगवं नेसलेलं नाही, कुणाला कधी मंत्र दिलेला नाही. नवऱ्याचं, लेकरांचं करता करता देवाचं करणारी संसारी बाई. पण गावात कुणाचं काही अडलं, की तो मठाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. अक्का कधी दोन शब्द बोलतात. कधी नुसतं हातात काम देतात.

ऋजुता खटावकर त्या गुरुवारी अशीच येऊन उभी राहिली होती.

ती पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षाला तिनं गावच्या शाळेतल्या शिपायावर, गंगाधरमामांवर, चाळीस मिनिटांचा सिनेमा केला होता. नाव ‘साडेदहाची घंटा’. मामांनी छत्तीस वर्षं शाळेची घंटा दिली. सिनेमात त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

गेल्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात पहिला खेळ झाला. खुर्च्या तीनशे. माणसं एकोणीस.

मामा कडक इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. दिवे जायच्या आधी त्यांनी मागं वळून पाहिलं. नजर रिकाम्या खुर्च्यांवरून हळूहळू दारापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली.

“पोरं उशिरा येतात, बाळ,” ते म्हणाले. “थांबू या का जरा?”

ते वाक्य ऋजुताच्या कानांतून जात नव्हतं.

वाचनालयानं सभागृह आणखी एकदा द्यायचं कबूल केलं होतं, दहा दिवसांनी, रविवारी. त्यानंतरच्या आठवड्यात मामा लेकीकडे नागपूरला निघणार होते. कायमचे. म्हणजे गावासमोर मामांना बसवायची ती एकच संधी उरली होती.

“पत्रकं वाटली पाचशे,” ऋजुता म्हणाली. “चांगल्या जाड कागदावर. सगळं काळं, त्यात उजेडाची एकच तिरीप, आणि मधोमध माझं नाव. पुण्यात आमचे सर म्हणाले, ऋजुता, हे भिंतीवर लावण्यासारखं झालंय! इथेही वाटताना प्रत्येकाला विचारलं, कसं वाटतंय? एकानंही नावं ठेवली नाहीत, अक्का. सगळे म्हणाले, छान, छान. आणि आलं कोण? एकोणीस जण! त्यातले सहा आमच्या घरचे. गावाला कळतच नाही, दुसरं काय.”

अक्कांनी भोपळ्याची शेवटची फोड पातेल्यात टाकली. हात पदराला पुसले.

ऋजुताचा धीर सुटला. निदान मिठाची गोष्ट तरी पुरी व्हावी म्हणून ती म्हणाली, “बरं, मला सांगा. चार महिने मीठ तोंडाला लावायचं नाही. मग पंगतीच्या आमटीत मीठ किती पडलंय, हे तुम्हाला कळायचं कसं?”

“विचारायची की. पंगतीत फिरायची आणि एकेकाला विचारायची, मीठ बरोबर आहे ना हो?”

“मग?”

“सगळे म्हणायचे, अक्का, अमृत!”

“खरंच?”

“तुझ्यासारखीच मी पण खूश व्हायचे.” अक्का उठल्या. “अगं, जी बाई लेकरासाठी अळणी जेवतेय, तिच्या तोंडावर कोण म्हणणार आमटी खारट झालीय म्हणून?”

“मग करायचात काय तुम्ही?”

“उष्टी काढायला लागले.”

बाहेर पहिली पंगत उठत होती. अक्कांनी कोपऱ्यातली वेताची मोठी टोपली ओढली आणि ऋजुतापुढे ठेवली.

“आज तू काढ.”

ऋजुता क्षणभर टोपलीकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं... अक्कांना तिचा ताठा उतरवायचाय. असंच असतं ना सगळ्या गोष्टींमध्ये? गर्विष्ठ शिष्य येतो, गुरू त्याला झाडायला लावतो.

ठीक आहे, तिनं मनाशी म्हटलं. हेही करून दाखवू.

तिनं ओढणी कमरेला खोचली. मान खाली, ओठ मिटलेले. एकेक पत्रावळ दुमडली, टोपलीत टाकली. ओट्यावर बसलेले दोन म्हातारे म्हणाले, “खटावकरांची लेक ना ही? पुण्याची?” तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनात नामस्मरण चाललं होतं. पाऊण तासानं ती घामाघूम होऊन आत आली, तेव्हा तिला स्वतःचंच जरा कौतुक वाटत होतं.

“काढली, अक्का. सगळी.”

“किती जणांचं मीठ संपलं होतं?”

“काय?”

“पानावर वर मीठ वाढलेलं असतं चिमूटभर. ते किती जणांचं संपलं होतं?”

ऋजुतानं मागं वळून बाहेर पाहिलं.

“भोपळा कुणी टाकला होता? म्हाताऱ्यांनी की पोरांनी?”

“मी... मी बघितलंच नाही, अक्का. मला वाटलं, तुम्ही मला नम्रता शिकवताय.”

इंदूनं पदर तोंडाला लावला.

“नम्रता?” अक्का म्हणाल्या. “अगं बाई, मला आमटीची काळजी पडलीय.”

दुसरी पंगत बसली आणि उठली. ऋजुता पुन्हा टोपली घेऊन गेली. या खेपेला मान खालीच होती, पण डोळे पानांवर होते. ओट्यावरचे म्हातारे काय बोलले, ते तिला ऐकूच आलं नाही.

परत आली ती जवळजवळ धावतच.

“अक्का, बहुतेक पानांवरचं मीठ संपलंय! साफ! भातात कालवून घेतलंय लोकांनी. भोपळा मोठ्यांनी खाल्लाय, पोरांनी कडेला सारलाय. आणि... आमटी अळणी झालीय ना?”

अक्का चुलीकडे वळल्या.

“इंदू, आमटीत मूठभर मीठ घाल. तिसरी पंगत बसायचीय.”

इंदूनं मीठ घातलं. कुणी कुणाला बोल लावला नाही, कुणी रुसलं नाही. पळी फिरली, आणि आमटी बाहेर गेली.

ऋजुता ते बघत राहिली.

“पण अक्का...” ती म्हणाली. “सिनेमाला कुठे पत्रावळी असतात?”

“तू लोकांपुढे काय वाढलं होतंस?”

“पत्रकं.”

अक्कांनी टोपली नदीवर नेऊन धुतली, उलटी करून झटकली, आणि ओलीच तिच्या हातात दिली.

शनिवारी शिरगावचा बाजार भरतो. ऋजुतानं जादा छापून उरलेल्या दोनशे पत्रकांवर पुढच्या खेळाची तारीख चिकटवली आणि ती वाटून टाकली. या वेळी कुणालाच काही विचारलं नाही. हा तिचा पहिला नेम, आणि तो पाळणं किती अवघड आहे, हे तिला दहाव्या माणसालाच कळलं. ‘कसं वाटतंय’ हे शब्द जिभेवर येऊन नुसते नाचत होते.

मग दुपारी ती टोपली घेऊन निघाली, आपल्याच पत्रकांच्या मागावर.

“काय गं, ग्रामपंचायतीत झाडायला लागलीस का?” केळीवाला ओरडला. लोक हसले.

ऋजुताचे कान तापले. पण टोपली तिनं खाली ठेवली नाही.

पत्रकं जागोजागी पडली होती. बहुतेक जिथे हातात दिली, तिथून वीस-पंचवीस पावलांवर. न दुमडलेली. म्हणजे खिशात ठेवायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. एकावर चुना पुसलेला. एकात शेंगांची टरफलं. एकावर कुणीतरी पाय ठेवून गेलेलं, नेमका तिच्या नावावर.

एकशे बेचाळीस भरली.

घरी आल्यावर तिनं ती ओसरीवर मांडली, ओळीनं, पंगत मांडावी तशी. आई म्हणाली, “अगं, हा उकिरडा घरात कशाला?” ऋजुता उकिडवी बसून एकेक पान वाचत होती.

आणि मग तिला दिसलं.

काही पत्रकांचा कोपरा फाटला होता. वाऱ्यानं नव्हे, पायानं नव्हे. नीट घडी घालून, नखानं दाबून, जपून फाडलेला. सव्वीस पत्रकं. सव्वीसही जणांनी तोच कोपरा नेला होता.

तिनं एक अख्खं पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढा एक फोटो तिनं टाकला होता. जागा उरली होती म्हणून.

घंटेखाली उभे असलेले गंगाधरमामा.

रविवारी सकाळी बांगड्या घ्यायच्या निमित्तानं ती हसीनाभाभींच्या दुकानात गेली, आणि आरशाकडे बघतच राहिली. आरशाच्या चौकटीत तो तिकिटाएवढा फोटो खोचलेला होता.

“हे तुम्हाला कुठे मिळालं, भाभी?”

“अगं, काल तूच नाही का दिलास कागद! त्यात होते आमचे घंटेवाले मामा.” भाभींचा आवाज मऊ झाला. “सातवीत मी नदीवरून पाणी भरून शाळेत यायची. रोजचा उशीर. मामा वेशीकडे बघायचे, मी दिसले की मगच शेवटचा ठोका टाकायचे. हेडमास्तर विचारायचे, घंटा एवढी लांबली कशी? म्हणायचे, दोरी अडकली होती साहेब.”

ऋजुतानं ओढणीनं डोळे पुसले.

“रडतेस कशाला?”

“भाभी, तो सिनेमा आहे. मामांवर. तुम्ही पहिल्या खेळाला का आला नाहीत?”

“सिनेमा?” भाभींनी डोळे मोठे केले. “तो सिनेमाचा कागद होता? मला वाटलं, तुझी परीक्षा पास झाल्याची जाहिरात आहे. एवढं मोठं नाव तुझं!”

“पण मी आधी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही छान म्हणालात!”

“मग काय म्हणू? आपल्या गावची पोर, एवढं मन लावून काहीतरी वाटतेय.”

ऋजुता रडता रडता हसायला लागली. बांगड्या न घेताच ती घरी पळाली.

मोबाइलवर दाखवायची एक मिनिटाची झलक होती, तिचंही तिनं तेच केलं. चहाच्या टपरीवर, दळणाच्या रांगेत, जो भेटेल त्याच्या हातात फोन द्यायचा आणि तोंडाकडे न बघता अंगठ्याकडे बघायचं. सुरुवातीला पंधरा सेकंद काळोख, त्यात तिचं नाव हळूहळू उमटायचं. तिथेच अंगठे चुळबुळत. मोबाइल परत येई. “छान आहे हं!”

पण गिरणीत एक आजोबा फोन कानाशी धरून शेवटपर्यंत थांबले, आणि शेवटी घंटा वाजली. त्यासरशी रांगेतल्या पाच बायकांनी एकदम माना वळवल्या.

ऋजुतानं त्या पाच माना मनात ठेवल्या.

घरी येऊन तिनं पंधरा सेकंदांचा काळोख कापून टाकला. आधी घंटा. मग मामांचा हात. मग बाकीचं.

पत्रक नव्यानं करायला बसली, तेव्हा मात्र हात अडला. स्वतःचं नाव लहान करायचं... एकदा केलं. पुन्हा थोडं मोठं केलं. शेवटी डोळ्यापुढे आमटीचं पातेलं आलं, अक्कांची पाठ आली, मूठभर मीठ आलं.

नवीन पत्रकावर मामा होते. डोक्यापासून पायापर्यंत, हातात घंटेची दोरी. खाली एकच ओळ: ‘यांच्या घंटेला तुम्ही कधी धावलात का?’ मग दिवस, वेळ, जागा. तिचं नाव पार तळाशी, जिथे आधी मामा होते.

पुढच्या शनिवारी तिनं वाटण्याऐवजी आधी एक रिक्षा ठरवली. वर कर्णा बांधला. सकाळी साडेदहाच्या ठोक्याला भर बाजारात रिक्षा उभी राहिली, आणि कर्ण्यातून एक शब्दही आला नाही. नुसती शाळेची घंटा वाजली.

ठण्, ठण्, ठण्...

सबंध बाजार थांबला. तराजू हातात तसेच राहिले. डोक्याला टक्कल पडलेली माणसं क्षणभर इकडेतिकडे बघायला लागली, दप्तर शोधल्यासारखी.

“मामा!” केळीवाला म्हणाला. “अरे, ही आपल्या मामांची घंटा!”

त्यानं स्वतः येऊन ऋजुताच्या हातातली पन्नास पत्रकं नेली आणि केळ्यांच्या प्रत्येक फणीबरोबर एकेक दिलं.

रविवारी पाच वाजता खेळ होता. चार वाजता खुर्च्या भरल्या. साडेचारला वाचनालयाचा माणूस हात जोडून दारात उभा राहिला, “जागा नाही हो.” कुणी ऐकलं नाही. मठातून सतरंज्या आल्या, पडद्यापर्यंत पसरल्या. खिडक्यांवर माणसं बसली. हसीनाभाभी नव्या साडीत, सासूला आणि तीन सुनांना घेऊन आल्या होत्या.

मामा पहिल्या रांगेत. तीच टोपी.

त्यांनी मागं वळून पाहिलं. नजर एकेका रांगेवरून फिरली. नाव घेत असावेत मनात, कारण ओठ हलत होते. दारापर्यंत जाऊन नजर परत आली.

“आज हजेरी पूर्ण आहे, बाळ,” ते म्हणाले. “दे घंटा.”

सिनेमा सुरू झाला. पहिल्या मिनिटाला हशा, दहाव्याला पुन्हा हशा, मग शांत, मग कुठेतरी नाक ओढल्याचा आवाज. शेवटी पडद्यावर मामांनी दोरी हातात घेतली आणि नोकरीतली शेवटची घंटा दिली. शाळा सुटायची.

आणि सभागृहातली निम्मी माणसं सवयीनं उठून उभी राहिली.

आपण का उठलो, हे त्यांचं त्यांनाच कळेना. एकमेकांकडे बघून ती हसायला लागली, डोळे पुसायला लागली. मग उरलेली निम्मीही उठली. दिवे लागले. टाळ्या काही केल्या थांबेनात. केळीवाल्यानं मामांना खांद्यावर घेतलं, आणि मामा वरून ओरडत होते, “अरे रांगेत! रांगेत बाहेर पडा!”

ऋजुता एका खांबाला धरून उभी होती. तिला आपण रडतोय की हसतोय, काही कळत नव्हतं.

पुढचा गुरुवार. मठाचं स्वयंपाकघर. ऋजुता टोपली परत द्यायला आली होती. एकादशी परवावर आली होती, चातुर्मास लागायचा होता.

“आलीस?” अक्का पुरण वाटत होत्या. “टाळ्या पडल्या म्हणे.”

“हो, अक्का.”

“सभागृह कुणी झाडलं?”

“मी.” ऋजुतानं टोपली त्यांच्यासमोर धरली. आणि उलटी केली.

त्यातून काहीही पडलं नाही.

“दारात चारशे पत्रकं वाटली होती,” ती म्हणाली. “कोपरान् कोपरा झाडला. खुर्च्यांखाली, सतरंज्यांखाली. एक पडलेलं नव्हतं, अक्का. एकसुद्धा नाही. सगळ्यांनी घरी नेली.”

इंदूनं पळी टाकून टाळ्या वाजवल्या. अक्कांनी हात धुतले, ओट्याखालून पाट काढला, आणि मांडला.

“बस. आज तू पंगतीत.”

ऋजुता बसली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. रविवारपासून तो असाच वाजत होता. कुणी लिहीत होतं, अप्रतिम. कुणी लिहीत होतं, गावाचं नाव काढलंस. पुण्याच्या सरांचा निरोप होता, पुढचा सिनेमा कधी? तिनं पानाच्या उजव्या हाताला फोन ठेवला, सारखा दिसेल असा. प्रत्येक वेळी तो उजळला, की तिचा चेहराही उजळत होता.

अक्का वाढत होत्या. लिंबू, चटणी, कोशिंबीर. भाजी. वरणभात, वर तुपाची धार. मग पुरणपोळी.

फोन पुन्हा उजळला. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ऋजुताकडे.

ऋजुतानं पानाला नमस्कार केला, आचमन केलं, आणि पहिला घास घेता घेता थांबली. पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध, जागा रिकामी होती.

“अक्का,” ती हसून म्हणाली, “मीठ वाढायचं राहिलं.”

अक्कांनी पानाशेजारचा फोन पालथा ठेवला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“राहिलं नाही, बाळ,” त्या म्हणाल्या. “परवापासून चार महिने तूही सोडून बघ ना... माझं एवढं ऐक.”